कायदेवाली

तिच्या वस्तीवर जायचं म्हणजे आधी पाय धुवावे लागत. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण करून केलेल्या वाडग्याच्या तोंडाशी तिनं एक जुनं घमेलं ठेवलेलं होतं. त्यात फिनेलचं पाणी. माणूस कुणीही असो, सरपंच असो, ग्रामसेवक असो, ती पदर खोचून समोर उभी राही आणि एकच शब्द उच्चारी, "पाय!"

दुष्काळ वाढला, घमेल्यात ओतायला पाणी उरलं नाही, तेव्हा तिनं पोतं अंथरून त्यावर चुन्याची भुकटी पसरली. पण "पाय!" सुटलं नाही. एकदा आमच्या दवाखान्याचे डॉक्टर नवे बूट घालून आले होते. त्यांनी पोत्याला वळसा घालून आत जायचा प्रयत्न केला. ती आडवी झाली. "सायब, कागदावर लिव्हलंय. बाहेरचा पाय आत आला तर रोग येतो. तुमचा पाय काय आभाळातनं आला?" साहेब हसले, चुन्यात उभे राहिले, आणि परत येताना जीपमध्ये बसल्यावर तिला एक घाणेरडी शिवी दिली. मीही हसलो. मी तेव्हा पुष्कळ हसायचो.

गावात तिला कायदेवाली म्हणत. मी मावशी म्हणायचो. तिची माणसं मूळची तेलंगणाकडची, दगड फोडत, माती उपसत फिरणारी. घरात त्यांची तेलुगू मिसळलेली बोली, बाहेर आपली मराठी. डुकराला ती पंदी म्हणे. पन्नाशी उलटलेली, उंच, हाडापेरानं मोठी बाई. नवरा वारलेला, मुलगी उदगीरकडे दिलेली. गावाबाहेर माळावर दोन खोपटी, आणि एकोणीस पंदी.

जिल्हा नवा झाला होता. लातूरला नव्या कचेऱ्या उघडत होत्या, जुन्या जिल्ह्यातून कागदांचे गठ्ठे ट्रकनं येत होते. मी रेणापूरकडचा. पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून लागलो, पण हंगामी. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात डुकरांची यादी माझ्या हातात दिली. दवाखान्यात आणखी दोघं होते, त्यांना कुणी डुकरं दिली नाहीत. का दिली नाहीत ते त्यांनाही कळत होतं, मलाही. आमचं घर बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून मेलेलं जनावर ओढायचं, गावकीचं सगळं काम सोडलं, पुढची वीस वर्षं रस्त्यावर खडी फोडली आणि मला शिकवलं. मी घरी सांगितलं होतं की माझ्याकडे म्हशी आहेत. संकरित गायीसुद्धा आहेत म्हणालो.

ही लाज मला तेव्हा वाटायची. आता जी वाटते ती वेगळी आहे.

तर, त्या वर्षी डुकरांच्या तापाबद्दल एक सरकारी पत्रक आलं. सायक्लोस्टाइल केलेलं, दोन पानी. रोग दिसला की मालकानं कळवावं. आजारी जनावर वेगळं बांधावं. बाधित गावाची हद्द आखावी, हद्दीतून जनावर आत-बाहेर नेऊ नये. आत येणाऱ्यानं पाय जंतुनाशकात बुडवावेत. लस टोचून घ्यावी. बाधित आणि संपर्कातील जनावरं, मालकाची सही किंवा अंगठा घेऊन, नष्ट करून सहा फूट खोल पुरावी, वर चुना टाकावा. कळवलं नाही तर मालकाला शिक्षा. मला ते पत्रक सगळ्या डुकरंवाल्यांना वाचून दाखवायचं होतं. बाकीच्यांनी मान हलवली आणि आपापल्या कामाला लागले. हिनं मला खाली बसवलं.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"ह्यात आमच्या पंदीचं नाव कुठं हाय? बोट ठिवा."

मी 'वराह' या शब्दावर बोट ठेवलं.

"वराह कोन?"

"डुक्करच, मावशी."

"मंग डुक्कर लिव्हायला काय झालं हुतं?" असं म्हणून तिनं त्या शब्दावर स्वतःचं बोट ठेवलं, बराच वेळ. मग सांगितलं. तिचा नवरा जिवंत असताना एका गावात पोलीस आले, काठ्यांनी मारून मारून त्यांची सगळी डुकरं पिटाळून लावली. कायदा आहे म्हणाले. नवरा विचारत राहिला, कुठला कायदा, वाचून दाखवा. त्यानं विचारलं म्हणून त्यालाही मारलं. "तवापसनं म्या वाट बघून राहिले," ती म्हणाली, "कुनीतरी वाचून दावंल म्हून."

मी जाईन तेव्हा ती मला ते पत्रक वाचायला लावी. दोन महिन्यांत तिला ते तोंडपाठ झालं. माझं एखादं वाक्य सुटलं तर ती थांबवी, "लशीचं ऱ्हायलं." वस्तीभोवती तिनं दोरी बांधली, दोरीला लाल चिंध्या बांधल्या. हीच हद्द. गावातली पोरं मुद्दाम दोरीखालून पळत, ती काठी घेऊन मागं लागे आणि धापा टाकत त्यांना कलमं ऐकवी.

सगळ्यात म्हाताऱ्या डुकरिणीला ती तशीलदारीण म्हणायची. कारण ती एकदा बसली की उठत नसे आणि बाकीच्यांनी तिच्या अंगावरून जायचं नसे. तिला ताप बघायला मला दर वेळी मावशीची मदत लागे. एकदा मावशीनं विचारलं, ताप हाय का न्हाई ते तुमाला कसं कळतं? मी तिला थर्मामीटर उजेडात धरून दाखवलं. ही पाऱ्याची रेघ. ही बारीक लांब खूण. पारा खुणेच्या अलीकडे, तर जनावर ठीक. पलीकडे लांब गेला, तर ताप. आकडे तिला कळत नव्हते, पण खूण कळली. पुढं माझ्या आधी तीच थर्मामीटर हातात घेऊन तिरपं करून बघायची आणि म्हणायची, "अल्याड हाय." तिचं कधी चुकलं नाही.

दवाखान्यात दुपारी डबे सोडले की मी तिची नक्कल करायचो. पदर खोचल्याचं नाटक, "पाय!" अशी आरोळी, "वराह कोन?" माझी नक्कल फार हुबेहूब व्हायची. ते दोघं पोट धरून हसायचे, साहेबही केबिनच्या दारात येऊन उभे राहायचे. नक्कल करताना मी त्यांच्यातला असायचो. डुकरंवाली ती, मी नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती एका सकाळी दवाखान्यात आली. तोंड उतरलेलं. चार कोसांवरच्या एका गावात तिच्या सख्ख्या भावाची डुकरं होती. त्याचा निरोप घेऊन कुणी आलं होतं. डुकरं एकावर एक ढीग करून पडतात, मागचे पाय लटपटतात, कान जांभळे झालेत. भावानं निरोपात सांगितलं होतं की कुणाला कळू देऊ नको, मी रातोरात बाजारात काढतो.

"लिव्हून घ्या," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मावशी, तुझा भाऊ आहे."

"मालकानं न कळवलं तर ज्याला ठाव हाय त्यानं कळवावं. चवथं कलम."

तसं नेमकं नव्हतं त्यात. पण जवळपास होतं. मी लिहून घेतलं. आम्ही गेलो, ताप खराच होता. भावाची सगळी डुकरं गेली, निम्मी रोगानं आणि निम्मी आमच्या हातानं.

चार दिवसांनी तो भाऊ तिच्या वस्तीवर आला. मी तिथंच होतो, लस टोचत होतो. तो दोरीच्या पलीकडे उभा राहून रडत होता. शिव्या देत होता, मग पुन्हा रडत होता. त्यांच्या बोलीत अक्का अक्का म्हणत होता. मला वाटलं ती आता दोरी वर करील. तिनं केली नाही. दोरीच्या अलीकडे उभी राहून तीही रडत होती, पण हात मात्र आडवा धरलेला. "तिथनंच बोल," ती म्हणाली. "तुज्या पायाला रोग हाय." तो दोरीवर थुंकला आणि गेला. ती दोन दिवस जेवली नाही असं शेजारणीनं नंतर सांगितलं. दोरीचा तेवढा तुकडा मात्र तिनं त्याच दुपारी कापून जाळला आणि नवा बांधला.

म्हणजे तिच्या जनावरांचा आजाऱ्याशी संबंध आला नव्हता, हे माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. गावातल्या विहिरी आटल्या. फक्त तिच्या वस्तीजवळच्या माळावर एक सरकारी विहीर होती, तिला पाणी टिकून होतं. टँकर तिथं भरू लागला, पुढं बायकांची रांग तिथंच लागायला लागली. मग गावाला एकदम तिची डुकरं दिसली. वास दिसला, घाण दिसली. विहिरीच्या आधीपासून ती तिथं होती हे कुणी बोललं नाही. गावातली वजनदार माणसं दवाखान्यात आली, साहेबांच्या केबिनमध्ये बसली, चहा झाला.

ती माणसं गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. ते वाईट मनुष्य नव्हते. दमलेले होते. म्हणाले, "तिच्या भावाकडे रोग निघाला. भाऊ म्हणजे जाणं-येणं आलंच. संपर्कातली जनावरं म्हणून रिपोर्ट कर. थोडा ताप दाखव. कायद्यानंच होईल, कुणी कुणाला मारझोड करणार नाही. ती दुसरीकडे जाईल, तिकडे सुखात राहील."

त्यांनी समोरचा गठ्ठा नीट केला. "आणि तुझा कायमचा प्रस्ताव ह्याच आठवड्यात नव्या जिल्ह्याला जातोय. चांगला शेरा लिहिलाय मी."

त्यांनी धमकी दिली असती तर बरं झालं असतं. धमकीला घाबरलो असं मला स्वतःला सांगता आलं असतं. त्यांनी फक्त शेरा चांगला लिहिलाय एवढंच सांगितलं, आणि मी "बरं साहेब" म्हणून बाहेर आलो. एकदाही नाही म्हटलं नाही. विचार करतो असंसुद्धा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. साहेब, मी, दोन पंच म्हणून गावातली माणसं, आणि खड्डा खणायला चार मजूर. सगळ्यांनी चुन्यात पाय ठेवले. तिला वाटलं लशीची दुसरी फेरी आहे. तशीलदारिणीला तिनंच धरलं, पाठ खाजवत तिला आडवी केली. मी थर्मामीटर लावलं, काढलं, आणि सवयीनं तिनं माझ्या हाताकडे मान वाकवली.

"अल्याड हाय," ती म्हणाली.

मी साहेबांकडे बघून सांगितलं, "एकशे सहा."

साहेबांनी लिहिलं.

ती हसली. तिला वाटलं माझी नजर चुकली. "सायब, नीट बगा की. खुनंच्या अल्याड हाय पारा. तुमीच दावलं हुतं न्हवं?"

"हे थर्मामीटर वेगळं आहे," मी म्हणालो.

ते तेच होतं. टोकाला माझ्या हातून पडून गेलेला टवका तिनं शंभरदा बघितला होता. तिनं टवक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पंचांपैकी एक जण बोलला, "आता ह्या बाईला थर्मामीटरबी कळाया लागलं." सगळे हसले. ती ओरडेल, पंचांना थर्मामीटर दाखवील असं मला वाटत होतं. मनातून मला ते हवंही होतं. तिनं तशीलदारिणीच्या पाठीवरचा हात काढला आणि उठून उभी राहिली, एवढंच. बाकीच्या अठरांचे आकडे मी थर्मामीटर न लावता लिहिले.

मग मी रिपोर्ट वाचून दाखवला. बाधित आणि संपर्कातील.

"संपर्क म्हंजी?"

"आजाऱ्याजवळ गेलेलं."

"कोन गेलं?"

साहेब म्हणाले, "बाई, वेळ नाही. अंगठा दे."

"मालकानं अंगठा द्यावा असं हाय का वो त्यात?" तिनं मला विचारलं. साहेबांना नाही, मला.

"आहे," मी म्हणालो. ते खरं होतं. त्या सकाळी मी तिला सांगितलेली तेवढी एकच गोष्ट खरी होती.

तिनं अंगठा दिला.

जनावरांना इंजेक्शनं मी दिली. तिनं एकेक धरून आणलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. "ह्ये जनावर हाय, मानूस न्हवं. परका हात लागला तर अंगाला झोंबंल," असं ती मजुरांना म्हणाली आणि स्वतः मानेत हात घालून त्यांना बसवत राहिली. प्रत्येकाच्या कानात काहीतरी तेलुगूत बोलत होती. मला ती भाषा येत नव्हती, त्याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

माळावरची जमीन म्हणजे नुसता मुरूम. त्यात दोन वर्षांचा दुष्काळ. कुदळ आपटली की ठिणगी उडे. चार फुटांवर मजूर दमले, साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुरे म्हणाले. तेव्हा ती खड्ड्यात उतरली आणि मधोमध मांडी घालून बसली.

"सहा लिव्हलंय."

"अगं, चार पुरतं."

"कुत्री उकरत्यात. रोग पसरतो. सहा लिव्हलंय." ती माझ्याकडे बघत नव्हती. "माज्या पंदीला रोग हाय न्हवं? सायबांनी सोता लिव्हलंय. मंग सहा."

रोग नाही असं तर साहेबांना म्हणता येत नव्हतं. मजुरांनी पुन्हा कुदळी घेतल्या. ऊन माथ्यावर आलं, कलतीला लागलं. तिनं आपली सहा फुटांची काठी आणली, जी मीच तिला टेप लावून मापून दिली होती, आणि चारी कोपऱ्यांत उभी करून बघितली. एका कोपऱ्यात वीतभर कमी भरलं. तिथं पुन्हा खणायला लावलं. मग चुना. आम्ही आणलेली दोन पोती तिला कमी वाटली, तर खोपटातनं स्वतःची दोन आणली. शेवटी आम्हा सगळ्यांचे पाय, अवजारं, जीपची चाकंसुद्धा तिनं चुन्यानं माखून घेतली. त्या दिवशी जीपमध्ये तिला कुणी शिवी दिली नाही.

मी कायम झालो. नोकरी पूर्ण केली, पर्यवेक्षकाच्या वरही चढलो, सन्मानानं निवृत्त झालो. नांदेडला एका प्रशिक्षणात नव्या पोरांना डुकरांच्या तापाचे नियम मीच शिकवले. एकानं विचारलं, सर, तुम्हाला हे सगळं इतकं पाठ कसं? मी म्हणालो, अनुभव.

वडिलांना मी कधीच सांगितलं नाही. ते जाईपर्यंत गावात म्हणायचे, माझा पोरगा सरकारी कागद लिहितो, त्याच्या एका सहीनं काम होतं.

त्या सकाळनंतर मी तिच्या वस्तीकडे गेलो नाही. तिला मी शेवटचं पाहिलं ते आठेक दिवसांनी, दवाखान्यात. वस्ती मोडली होती. गाढवावर भांडी, गोधड्या बांधून ती देगलूरकडे निघाली होती, तिकडे तिची कुणी माणसं खाणीवर होती. गाढव झाडाला बांधून ती आली आणि पायरीवर टेकली. मी बाहेरच होतो. आत पळायला वेळ मिळाला नाही.

"त्यो कागद हाय का?" तिनं विचारलं.

पत्रक माझ्या खिशातच असायचं.

"मालकानं लपवलं तर शिक्षा हाय त्यात."

"आहे," मी म्हणालो.

"आन् सरकारी मानसानं खोटं लिव्हलं तर?"

तिला सगळं पाठ होतं. तसं काही त्यात नाही हे तिला माहीत होतं. तरी मी पत्रक उघडलं आणि पहिल्यापासून नजर फिरवली, जणू मला एखादं वाक्य नव्यानं सापडणार होतं.

"तसं कलम न्हाई, मावशी." कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडात घरचं बोलणं आलं.

"मागच्या बाजूला?"

मी शेवटचं पान उलटून तिच्यासमोर धरलं. कोरं होतं.

ती त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "मंग तुमचं कसं व्हायचं, सायब?"

ते टोमणा मारून म्हणाली असती तर! मी इतकी वर्षं त्यात टोमणा शोधला. सापडला असता तर मी तिच्यावर चिडलो असतो, आणि चिडलेला माणूस कसाही जगतो. पण तिनं खरंच विचारलं होतं. जनावरानं चारा सोडला की ती जशी काळजीनं मला विचारायची, आता ह्याचं कसं व्हायचं, अगदी तसं. तिचा जीव माझ्यात गुंतलेला होता हे मला त्या क्षणी कळलं. मी इतके दिवस तिची नक्कल करत होतो, आणि ती मला कायदा वाचून दाखवणारा पहिला माणूस समजत होती.

आतून साहेबांनी हाक मारली. कुणाचे तरी बैल लशीला आले होते. मी पत्रकाची घडी केली. आत गेलो.

चार बैल होते. मी सावकाश केले. एकेकाचा दाखला नीट अक्षरात लिहिला, लस पुन्हा बर्फात ठेवली, हात दोनदा धुतले. मग दारातून डोकावून बघितलं. पायरीवर कुणी नव्हतं, झाडाखालचं गाढवही नव्हतं, आणि मला हायसं वाटलं.